डायरी लिहा, आरोपपत्र नको

ड्यूटी संपते, माणूस घरी येतो, पण दिवस काही संपत नाही. जेवताना, भांडी आवरताना, दिवा मालवल्यावर तोच प्रसंग डोक्यात फिरत राहतो आणि निकाल ठरलेला असतो: चूक माझीच. वॉर्डातली सिस्टर असो, बँकेतला कॅशियर असो की शाळेतल्या बाई, अशा वेळी 'डायरी लिही, बरं वाटेल' हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. काय लिहायचं आणि कुठे थांबायचं हे कुणी सांगत नाही. मग चार दिवस लिहून माणूस जास्तच खचतो आणि वही कपाटात जाते.

गैरसमज १: मनातलं सगळं ओतून टाकलं की लगेच हलकं वाटतं.

वस्तुस्थिती: लिहून उठल्यावर बऱ्याचदा आधीपेक्षा जड वाटतं. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात टेक्सासमधल्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं होतं. आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहिणारे विद्यार्थी लिहून झाल्याझाल्या अधिक उदास होते. फायदा दिसला तो पुढच्या सहा महिन्यांत, दवाखान्याच्या फेऱ्या कमी होण्यात. आणि तो उठून दिसला तो घटना व भावना दोन्ही लिहिणाऱ्या गटात. पुढे २००६ मध्ये अशा १४६ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सरासरी फायदा खरा पण छोटा निघाला. तेव्हा वहीकडून चमत्काराची अपेक्षा नको आणि पहिल्या रात्री रडू आलं म्हणून वही बंदही करायला नको.

गैरसमज २: तोच प्रसंग रोज खोलात जाऊन लिहिला की कधीतरी उत्तर सापडतं.

वस्तुस्थिती: आधीच विचारांचं चऱ्हाट लावणाऱ्याला असं लिहिणं उलट बाधू शकतं. नुकतेच जोडीदारापासून विभक्त झालेल्या लोकांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'असं का झालं' याचा सतत शोध घेणाऱ्यांपैकी ज्यांना भावना लिहायला सांगितल्या, ते कित्येक महिन्यांनंतर साधी रोजची कामं लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक त्रासात होते.

तिसऱ्या दिवशीही वहीत तीच वाक्यं उतरत असतील, तर लिहिण्याची रीत बदला. एक सोपा उपाय म्हणजे 'मी' काढून स्वतःचं नाव घालायचं: 'आज सुनीताला राऊंडला बोलणी बसली.' मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगांत, स्वतःशी बोलताना स्वतःचं नाव वापरणारे लोक तणावाच्या प्रसंगानंतर त्याच विचारात कमी घुटमळले. सुरुवातीला हसू येतं, पण दुसऱ्याचं गाऱ्हाणं ऐकताना आपल्याकडे असणारा समजूतदारपणा यातून स्वतःच्या वाट्यालाही येतो.

गैरसमज ३: रात्री शांतपणे आठवलं की चूक कोणाची ते आपोआप कळतं.

वस्तुस्थिती: रात्री आपल्याला शेवट ठाऊक असतो, दुपारी तो नव्हता. बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाचं वर्णन वाचायला दिलं. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट सांगितला. ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच आधीपासून जास्त संभवनीय वाटला. 'मला आधीच कळायला हवं होतं' या वाक्यात नेमका हाच दोष असतो.

म्हणून आधी घटना लिहायची, तीही वेळेसकट. समजा, जनरल वॉर्डातल्या सिस्टरने लिहिलं: 'मी निष्काळजी आहे. मी नर्स व्हायलाच नको होतं.' हे आरोपपत्र झालं. आता त्याच दिवसाची नोंद पाहा:

'काय झालं: सहाचं इंजेक्शन ६.४० ला दिलं. ५.५० ला दोन अ‍ॅडमिशन एकदम आल्या, एका आजोबांना धाप लागली होती. जोडीची सिस्टर पेशंट घेऊन ओटीत गेली होती. राऊंडला डॉक्टर सगळ्यांसमोर बोलले. ओव्हर देताना मला रडू आलं.

माझ्या हातात होतं: उशीर होणार हे दिसताच इनचार्ज सिस्टरना फोन करणं.

हातात नव्हतं: दोन अ‍ॅडमिशन एकदम येणं. वॉर्डात दोघीच असणं.

उद्या: अशी वेळ आली तर पाच मिनिटं वाट पाहायची आणि फोन लावायचा.'

या पानात सिस्टरने स्वतःला निर्दोष सोडलेलं नाही. इंजेक्शनला उशीर झाला हे पहिल्याच ओळीत आहे. फक्त जबाबदारीची वाटणी झाली आणि तिच्या वाट्याला एक फोन आला, तिची सगळी लायकी नव्हे.

गैरसमज ४: स्वतःला फैलावर घेतलं नाही, तर माणूस ढिला पडतो.

वस्तुस्थिती: ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२ च्या अभ्यासात, अवघड चाचणीत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःकडे समजुतीने पाहायला सांगितलं, त्यांनी पुढच्या चाचणीचा अभ्यास जास्त वेळ केला. 'माझं हे कृत्य चुकलं' म्हटलं की पुढे काय करायचं ते सुचतं. 'मीच असा आहे' म्हटलं की सुचण्यासारखं काही उरत नाही.

मराठी वाचकांना हा फरक नवा नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, तिचा हा गाभाच आहे: कृतीचं मूल्यमापन करा, अख्ख्या माणसाचं नको.

गैरसमज ५: डायरी म्हणजे रोज, पानभर आणि नीटनेटकी.

वस्तुस्थिती: वाईट दिवशीच लिहिलं तरी चालतं. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही. झोपेपूर्वी फार दमला असाल, तर पुढच्या कामांची यादी तेवढी करा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, झोपण्याआधी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली.

गैरसमज ६: वहीत लिहिलं, म्हणजे विषय संपला.

वस्तुस्थिती: चूक औषधाची, पैशांची किंवा कुणाच्या सुरक्षिततेची असेल, तर ती वरिष्ठांना सांगून रीतसर नोंदवावीच लागते. वही त्याला पर्याय नाही. शिवाय पेशंटचं किंवा ग्राहकाचं नाव, केसपेपरचा नंबर, खाते क्रमांक खासगी वहीत लिहू नयेत. महिनाभराची पानं चाळल्यावर 'हातात नव्हतं' या रकान्यात 'वॉर्डात दोघीच' हेच पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तो प्रश्न सिस्टरच्या स्वभावाचा नाही, मनुष्यबळाचा आहे. तो तारखांसकट मीटिंगमध्ये मांडायला हवा.

आणि काही गोष्टी वहीच्या आवाक्याबाहेरच्या असतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक उडाली असेल, कामावर जाण्याच्या विचारानेच छाती धडधडत असेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.