नकलेला कंठ फुटतो तेव्हा

'नक्कल' या शब्दाला आपल्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. परीक्षेत नक्कल केली तर मुलाला वर्गाबाहेर काढतात, सरकारी कचेरीत एखाद्या कागदाची नक्कल मागितली तर फी भरून आठ दिवस हेलपाटे घालावे लागतात, आणि बाजारात एखाद्या वस्तूला 'नकली' म्हटले की तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. छत्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे अस्सल काय आणि नक्कल काय, हे डोळ्यांत तेल घालून पाहण्याची मला सवय आहे. निवृत्तीनंतर मात्र मी स्वतःच राजरोस नकला करू लागलो आहे. जुन्या, नामांकित व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरच्या; तेही इलेक्ट्रिक गिटारच्या!

या उद्योगाबद्दल घरात फार कौतुक आहे असे नाही. "कादंबरी लिहायचात तेव्हा निदान घरभर धूर तरी होत नव्हता," हा सौभाग्यवतींचा अभिप्राय. धूर अर्थातच सोल्डरिंगचा. गिटार वाजवतो तो माझा नागपूरचा भाचा. मला स्वतःला गिटारवर 'सा' सुद्धा काढता येत नाही.

पण त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्याच्या नावाची गिटार आणि अॅम्प्लिफायर जगभर गाजले, त्या अमेरिकेतल्या लिओ फेंडरलाही गिटार वाजवता येत नव्हती. हा गृहस्थ मूळचा हिशेबनीस! मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा त्याने ६०० डॉलर कर्ज काढले आणि १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. हे वाचले तेव्हा बँकवाल्याचे मन सुखावले. एका छोट्या दुरुस्ती-दुकानाच्या कर्जातून काय उभे राहू शकते, पाहा.

आता या यंत्राचे प्रयोजन. इलेक्ट्रिक गिटारचे अंग भरीव लाकडाचे. नुसती तार छेडली तर आवाज शेजारच्या खोलीतही पोचायचा नाही. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार थरथरली की त्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते. ती शेकडो पटींनी वाढवून स्पीकरपर्यंत नेतो तो अॅम्प्लिफायर. तंबोऱ्याला जसा भोपळा, तसा गिटारला अॅम्प्लिफायर. तो बदलला की वाद्यच बदलते.

व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत लुकलुकणाऱ्या त्या काचेच्या नळ्या. बटण फिरवून अर्धा मिनिट वाट पाहायची, मग आवाज उमटायचा. साठीच्या वाचकांना आठवत असेल. ट्रान्झिस्टर आला आणि घराघरांतले व्हॉल्व्हचे रेडिओ माळ्यावर गेले. गिटारवाल्यांनी मात्र व्हॉल्व्ह सोडला नाही. ट्रान्झिस्टरला झेपेल त्याहून मोठा आवाज मागितला, तर तो ध्वनिलहरीचा माथा कात्रीने कापल्यासारखा सपाट करतो आणि कानाला ते खरखरते. व्हॉल्व्ह तोच माथा हळूहळू वाकवतो. त्या वाकण्यातून जादा स्वर निघतात, आवाज भरदार होतो, किंचित फाटतो, आणि हळू छेडले की पुन्हा निवळतो. इंजिनिअर ज्याला दोष म्हणतो, तेच वादकाला हवे असते.

यातली सर्वांत गाजलेली नक्कल लंडनची. जिम मार्शल हे ड्रम शिकवीत आणि वाद्यांचे दुकान चालवीत. फेंडरचा 'बासमन' हा अॅम्प्लिफायर अमेरिकेतून आणणे फार महाग पडे. तेव्हा १९६२ साली त्यांच्या दुकानातल्या केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या दोघांनी बासमनचा नकाशा समोर ठेवून, इंग्लंडात मिळतील ते भाग घालून तो घरीच बनवला. नकाशा जवळजवळ तोच. पण ट्रान्सफॉर्मर वेगळा, काही व्हॉल्व्ह वेगळे, आणि चार स्पीकरची पेटी मागून बंद. चालू केला तर आवाज फेंडरचा नव्हताच! त्याला स्वतःचा कंठ फुटला होता. 'जेटीएम ४५' नावाची ती नक्कल पुढे स्वतःच अस्सल ठरली, आणि आता तिच्या नकला होतात. माझीही त्यातलीच एक.

याच्या उलट टोकाला अलेक्झांडर डंबल हा कॅलिफोर्नियातला कारागीर. तो २०२२ साली वारला. एकेक अॅम्प्लिफायर तो एकेका वादकासाठी हाताने बनवी. आतल्या जोडण्या कोणी उतरवून घेऊ नये म्हणून त्यांवर ॲराल्डाइटसारख्या राळेचा जाड थर ओतून ठेवी. त्याच्या हातच्या एकेका यंत्राला आज एक लाख डॉलरच्या वर किंमत येते. लोकांनी ती राळ खरवडून आतला नकाशा काढलाच. पण नकाशा हाती आला म्हणून आवाज हाती आला, असे कोणाचेही झालेले नाही.

का नाही, हे मला सावनेरात कळले.

मराठी वाचक सावनेरला ओळखतो तो राम गणेश गडकऱ्यांमुळे. २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी येथे देह ठेवला. त्यांच्या काळातल्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे तर स्वतःची छाती हाच अॅम्प्लिफायर होता. पुढे कर्णे आले. लग्न असो, गणपती असो की खडी गंमत, झाडाला कर्णा बांधल्याशिवाय कार्यक्रमाला शोभा येईना. या कर्ण्यांमागचे व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर गावोगावचे मिस्त्री दुरुस्त करीत आणि पुष्कळदा नव्याने बांधीतही. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून देशातच रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली, तशी या मंडळींची सोय झाली. गिटार न पाहिलेली ही माणसे तेच काम करीत होती, जे लंडनला ब्रॅन आणि क्रेव्हन करीत होते.

१९८४ साली मी सावनेरला रुजू झालो. आदल्याच वर्षी सुशिक्षित बेरोजगारांसाठी स्वयंरोजगाराची योजना आली होती; पंचवीस हजारांपर्यंत कर्ज मिळे. त्यात एक अर्ज मोटार वाइंडिंगच्या दुकानासाठी होता. संत्र्या-कपाशीच्या या मुलखात उन्हाळ्यात विहिरींवरच्या मोटारी सारख्या जळायच्या, त्यामुळे धंदा चालणार यात शंका नव्हती. कर्ज मंजूर झाले आणि वेळेवर फिटलेही. दुकानाच्या मागच्या खोलीत मिस्त्री अॅम्प्लिफायर बांधतात, हे मला वसुलीच्या निमित्ताने गेलो तेव्हा दिसले. अर्जाच्या छापील नमुन्यात यंत्रसामग्रीला रकाना होता, तारणाला होता; कानाला रकाना नव्हता.

निवृत्त होऊन मी सावनेरलाच राहिलो, तोवर मिस्त्री सत्तरीत पोचले होते. आज ते पंचाहत्तरीला टेकले आहेत. हात किंचित थरथरतो. कान शाबूत आहे. गिटारच्या अॅम्प्लिफायरचा नकाशा प्रथम त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाले, "हे तं आपलंच आहे जी, साहेब. फक्त आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे टर्न लिहिले नाही त्यानं."

नेमके तेच तर हवे असते! व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला हा ट्रान्सफॉर्मर नकाशात दोन नागमोडी रेघांनी दाखवतात, आणि बात संपली. पण एका बाजूला तारेचे किती वेढे, दुसऱ्या बाजूला किती, तार केवढी जाड, दोन्हींचे थर एकावर एक कसे आलटून पालटून घ्यायचे, पट्ट्या कोणत्या लोखंडाच्या, हे सारे वाइंडिंग करणाऱ्याच्या हातात. उंच स्वर स्वच्छ येणार की दबणार, खालचे स्वर भरीव येणार की पोकळ, याचा मोठा भाग इथेच ठरतो. मिस्त्रींकडे एक वही आहे. चाळीस-पन्नास वर्षांत उकललेल्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचे वेढे त्यांनी तिच्यात मोजून लिहिले आहेत. जळका ट्रान्सफॉर्मर भंगारात टाकण्यापूर्वी एकेक वेढा सोडवीत मोजायचा, हा त्यांचा नेम.

यंत्र बांधून झाले की खरे काम सुरू होते, ते जुळवणीचे. आधी हिशेब. आम्ही ईएल ३४ जातीचे व्हॉल्व्ह घातले आहेत. हा व्हॉल्व्ह जास्तीत जास्त २५ वॅट उष्णता सोसतो. त्यावर ४३० व्होल्ट दाब असताना नुसत्या बसल्या जागी ३८ मिलिअँपिअर प्रवाह ठेवला, तर गुणाकार सोळा वॅटच्या थोडा वर, म्हणजे मर्यादेच्या सुमारे पासष्ट टक्के. तारणाच्या पूर्ण किमतीवर आम्ही कधी कर्ज देत नसू. मार्जिन ठेवीत असू. तसेच हे. प्रवाह कमी ठेवला तर आवाज कोरडा होतो, जास्त ठेवला तर व्हॉल्व्ह तापून अकाली संपतो. आणि तो संपला की बदली मिळणे सोपे नाही. भारतातले उत्पादन केव्हाच थांबले. आता रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन यांच्याकडे पाहावे लागते.

हिशेब संपला की कान. भाच्याने गिटार जोडली, वाजवली. वरचे सूर सुरेख. जाड तारा मात्र चिखलात रुतल्यासारख्या. मीटरवर सगळे आकडे बिनचूक होते. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "खालचे सूर लगदा होऊन राहिले ना जी. पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडवरचा कंडेन्सर लहान करा." मूळ नकाशात तिथे २५० मायक्रोफॅरड आहे. त्यांनी डब्यातून शोधून ०.६८ चा दिला. कंडेन्सर लहान झाला की खालचे स्वर पहिल्याच पायरीवर कमी वाढतात, त्यामुळे पुढच्या व्हॉल्व्हमध्ये गर्दी होत नाही. डाग दिला, पुन्हा वाजवले, आणि भाचा नुसता हसला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मार्शलच्या कारखान्यानेही एका चॅनेलसाठी हाच बदल, याच आकड्याने केला होता. मिस्त्रींना याचा पत्ता असण्याचे कारण नव्हते.

रविवारच्या पुरवणीत लिहितो आहे, म्हणून एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. या यंत्रात चारशेवर व्होल्ट खेळत असतात, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते दबा धरून बसतात. घरातल्या मुलाला हौस असेल तर जरूर शिकू द्या, पण जाणत्या माणसाच्या नजरेखाली. कंडेन्सर रिकामा झाल्याचे मीटरने पाहिल्याशिवाय आत बोट घालायचे नाही, आणि मापे घेताना एक हात खिशात ठेवायचा. मिस्त्रींची ही शिस्त आजही मोडत नाही.

डंबलने आपली विद्या राळेखाली गाडली. आमच्याकडे राळ ओतावी लागत नाही. दुकान बंद होते, मुलगा दुसऱ्या धंद्याला लागतो, आणि पत्र्याची ट्रंक वहीसकट भंगारवाल्याकडे जाते. प्रत्येक तालुक्याच्या गावी असा एखादा मिस्त्री अजून असेल. त्याने काय काय मोजून ठेवले आहे, हे त्याला कोणी विचारलेले नसते.

सध्या दर शनिवारी भाचा नागपूरहून येतो आणि मिस्त्रींच्या वहीची नक्कल करतो. फोटो काढून काम भागले असते, पण मिस्त्रींना ते मंजूर नाही. हाताने लिहिले की आकडा डोक्यात बसतो, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक पानाची उजवी बाजू मात्र कोरी सोडायची, असे त्यांनी बजावले आहे. त्याच्या कानाला जे पटेल, ते त्याने तिथे लिहायचे आहे.