गोव्यात मोटार : चैनीकडून गरजेकडे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील ७.५ टक्के कुटुंबांकडे मोटार होती. गोव्यात हे प्रमाण ४५.२ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक होते.

एकेकाळी दारातील मोटार वैभवाचे लक्षण मानली जाई. आज ती नसणे ही अडचण ठरते. याचे कारण केवळ सुबत्ता नव्हे. वाडे विखुरलेले आहेत आणि सायंकाळनंतर बसगाड्या विरळ होतात. मोटारी वाढल्या की बसचे प्रवासी घटतात, प्रवासी घटले की फेऱ्या कमी होतात आणि उरलेल्यांनाही वाहन घेणे भाग पडते. पणजीत जागेसाठी घिरट्या घालताना हीच सोय ओझे वाटते. पण खरी झळ पोहोचते ती वाहन चालवू न शकणाऱ्या वृद्धांना आणि विद्यार्थ्यांना. मोटारीचा मोह सोडा, असे सांगण्याआधी रात्रीची बस वाड्यापर्यंत पोहोचली पाहिजे.