हेम्प ‘गरम’ होतं ते उन्हामुळे नव्हे

‘यंदा पाण्याचा ताण बसला, ऊन जास्त होतं, म्हणून टीएचसी चढलं.’ अमेरिकेत हेम्पची लागवड कायदेशीर झाल्यापासून हे स्पष्टीकरण इतक्या शेतकऱ्यांना ऐकवलं गेलं आहे, की त्याबद्दल आता कुणी शंकाही घेत नाही. ऐकवणारा बहुधा बियाणं विकणारा असतो आणि ऐकणाऱ्यावर उभं पीक मोडायची वेळ आलेली असते. टीएचसी म्हणजे झाडातलं नशा आणणारं द्रव्य; ते मर्यादेबाहेर गेलेल्या पिकाला तिथे ‘हॉट’ म्हणतात. आपल्याकडे हेम्पची चर्चा सुरू होताच हा समजही तिच्यासोबत आला आहे आणि शेतीविषयक व्हिडिओंमधून पसरतो आहे. तो वेळीच खोडून काढायला हवा, कारण त्यामुळे बियाण्यातल्या दोषाची जबाबदारी परस्पर शेतकऱ्याच्या अंगावर पडते.

आधी नियम समजून घेऊ. अमेरिकेच्या २०१८ च्या फार्म बिलाने शुष्क वजनाच्या ०.३ टक्क्यापर्यंत टीएचसी असलेल्या कॅनाबिसला हेम्प म्हणून मान्यता दिली. ही ०.३ ची रेषा अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये वर्गीकरणाच्या सोयीसाठी आखली होती. पुढे कायद्याने तीच उचलली. २०२१ च्या अंतिम नियमानुसार काढणीच्या आधीच्या ३० दिवसांत शेतातून नमुने घेतले जातात, तेही शेंड्याच्या पाच ते आठ इंच फुलोऱ्याचे, म्हणजे जिथे टीएचसी सर्वाधिक असतं तिथले. मोजायचं असतं ‘एकूण टीएचसी’. झाडात ते बहुतांशी आम्लाच्या रूपात असतं. उष्णता देऊन त्याचं रूपांतर केलं तर जेवढं टीएचसी मिळेल, तेही हिशेबात धरतात. मर्यादा ओलांडली की पीक हेम्प म्हणून विकता येत नाही. पीक विमाही कामाला येत नाही, कारण टीएचसी वाढणं हे भरपाईस पात्र कारण धरलं जात नाही.

आता मूळ मुद्दा. झाडात सीबीडी हे नशा न आणणारं द्रव्य जास्त बनणार की टीएचसी, हे प्रामुख्याने एका आनुवंशिक जागेवर ठरतं. एत्येन द मेयर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘जेनेटिक्स’ या शोधपत्रिकेत संकरांवरून हे दाखवून दिलं. आईबापांकडून दोन्ही प्रती सीबीडीच्या आल्या तर झाड सीबीडीचं होतं. एक सीबीडीची आणि एक टीएचसीची आली, तर दोन्ही द्रव्यं तुल्यबळ प्रमाणात तयार होतात आणि असं झाड मर्यादेच्या कितीतरी पुढे जातं. बीजोत्पादकाच्या मातृझाडांत अशी मिश्र झाडं राहून गेली, तर शुद्ध झाडाशी झालेल्या त्यांच्या संकरातलं सरासरी निम्मं बी मिश्र निघतं. ते बघून ओळखता येत नाही, रोपावस्थेतही नाही. त्यासाठी जनुकीय चाचणीच लागते.

आकड्यांत पाहू. शेतातल्या शंभर झाडांपैकी ९८ झाडांत ०.२५ टक्के टीएचसी आहे आणि दोन मिश्र झाडांत चार टक्के. एकत्र नमुन्याची सरासरी येते ०.३२५. दोन झाडांमुळे सगळं शेत गेलं. इथे पाण्याच्या पाळीचा आणि उन्हाचा काय संबंध?

झाडाला ताण दिल्याने हे प्रमाण बदलतं का, हे तपासूनही झालं आहे. कॉर्नेल विद्यापीठात लॅरी स्मार्ट यांच्या गटाने जास्त सीबीडीच्या हेम्पला मुद्दाम त्रास देऊन पाहिला. मुळांशी पाणी साचू दिलं, इथेफॉन दिलं, भुरी लागू दिली, तणनाशक मारलं, झाडांना जखमा केल्या. सीबीडी आणि टीएचसी यांचं परस्पर प्रमाण कशानेही टीएचसीच्या बाजूला झुकलं नाही. हा अभ्यास २०२१ मध्ये ‘जीसीबी बायोएनर्जी’त प्रसिद्ध झाला. हवामानाने फुलोऱ्याचं वजन बदलतं, पक्वता मागेपुढे होते आणि द्रव्यांची एकूण पातळी कमीजास्त होते, हे मान्य आहे. पण दोन्ही द्रव्यं सोबतच वाढतात आणि सोबतच घटतात.

या सोबतच वाढण्यातून शेतकऱ्याच्या हाती एक सोपा हिशेब येतो. पूर्ण शुद्ध सीबीडीच्या झाडातही थोडं टीएचसी बनतंच, साधारण वीस ते तीस भाग सीबीडीमागे एक भाग. म्हणजे टीएचसी ०.३ वर पोचतं तेव्हा सीबीडी सहा ते नऊ टक्क्यांच्या आसपास असतं. मग ‘१५ टक्के सीबीडी, टीएचसी मर्यादेत’ अशी जाहिरात कुणी दाखवली, तर १५ ला २५ ने भागा. उत्तर ०.६ येतं. विक्रेत्याच्या प्रमाणपत्रात टीएचसी ०.१ दिसत असेल, तर बहुधा आम्लरूप सोडून उरलेलं तेवढंच मोजलेलं असतं किंवा नमुना कोवळ्या फुलोऱ्याचा असतो. चाचणीची तारीख आणि ‘एकूण टीएचसी’चा आकडा मागा. तो देत नसेल त्याच्याकडून एक बीही घेऊ नका.

इथून दुसऱ्या मोठ्या समजाकडे यावं लागतं: ‘बियाण्यात एवढी भानगड, त्यापेक्षा क्लोन लावा, क्लोनमध्ये हमी असते.’ मातृझाडाच्या छाटांपासून केलेली रोपं आईसारखीच असतात, एवढीच ती हमी. आईचं प्रमाण तपासलेलं असेल तर सगळं शेत एकसारखं आणि एकाच वेळी तयार होतं. फुलोऱ्याच्या पिकात हा मोठा फायदा आहे, आणि छाट मादी झाडाचा असल्याने नर रोप निघण्याचा प्रश्नही राहत नाही. पण आईच मर्यादेबाहेरची असेल, तर अख्खं शेतही तितक्याच एकसारखेपणाने बाहेर जातं.

आईचा रोगही छाटाबरोबर येतो. ऊस लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. गवताळ वाढ झालेल्या उसाचं बेणं वापरलं की रोग पुढच्या प्लॉटात पोचतो, तसंच इथे हॉप लेटेंट व्हायरॉइडचं होतं. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅनाबिसमध्ये त्याची नोंद झाली. रोप वरून ठीक दिसतं, पण फुलोरा बारीक राहतो आणि द्रव्यं घटतात. छाटताना वापरलेल्या कात्रीवरूनही तो पसरतो. बियाण्यातूनही तो काही प्रमाणात जातो, पण छाटांच्या रोपवाटिकेत त्याला एकेक झाड ओलांडत जायची मोकळीक मिळते.

मोठ्या रानात आणखी अडचणी येतात. छाटाच्या रोपाला बियाण्यासारखं खरं सोटमूळ नसतं, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत ते कोरड आणि वारा कमी सोसतं. रोपवाटिकेत कृत्रिम प्रकाशात लांब दिवसांची सवय झालेलं रोप दिवस पुरेसा मोठा होण्याआधी बाहेर लावलं, तर अवेळी फुलावर येतं. आणि रोपं थांबत नाहीत. पाऊस लांबला, वापसा मिळाला नाही, तर बियाण्याची पिशवी गोदामात राहते, पण ट्रेमधली हजारो रोपं काही दिवसांत खराब होतात. खर्चाचं एक उदाहरण घेऊ. एकरी १,५०० झाडं, बी एक डॉलरचं आणि रोप चार डॉलरचं धरलं, तर एकराला १,५०० विरुद्ध ६,००० डॉलर लागतात. पाचदहा एकरांत हा फरक पेलेल, शंभर एकरांत नाही.

माझं मत असं: फुलोऱ्यासाठी थोडं क्षेत्र असेल आणि मातृझाडांची जनुकीय व व्हायरॉइड चाचणी दाखवणारा रोपवाटिकादार असेल, तर क्लोन घ्यावेत. क्षेत्र मोठं असेल तर फेमिनाइज्ड बियाणं घ्यावं, पण आधी एक हंगाम छोट्या तुकड्यावर त्याच लॉटची परीक्षा करून. धागा किंवा धान्य हवं असेल तर क्लोनचा विषयच निघत नाही. धाग्यासाठी चौरस मीटरला शंभराहून अधिक झाडं लागतात. ती हाताने लावायची नसतात, प्रमाणित वाणाचं बी पेरणीयंत्राने पेरायचं असतं.

‘फेमिनाइज्ड म्हणजे जीएम’ हेही ऐकू येतं. तसं नाही. मादी झाडावर सिल्व्हर थायोसल्फेट फवारलं की त्यातल्या इथिलीनचं काम अडतं आणि नरफुलं येतात. त्या परागापासून धरलेलं बी जवळजवळ सगळं मादी निघतं. ‘जवळजवळ’ शब्दाकडे मात्र लक्ष द्या: शेतातून फिरून चुकार नर उपटावेच लागतात.

‘शेजारच्या शेताचा काय त्रास?’ हेम्पचा पराग वाऱ्यावर जातो. उत्तर आफ्रिकेतून समुद्र ओलांडून दक्षिण स्पेनमध्ये आलेला कॅनाबिसचा पराग १९९७ च्या एका अभ्यासात नोंदला आहे. शेजारी धाग्याचं पीक असेल, तर तुमच्या फुलोऱ्यात बी भरणार, मग तुम्ही क्लोन लावा नाहीतर बी.

‘फ्रान्सचं प्रमाणित बियाणं कुठेही चालतं.’ चालत नाही. फेडोरा किंवा फेलिना हे वाण जूनमध्ये सोळा तासांचा दिवस असणाऱ्या प्रदेशासाठी आहेत. महाराष्ट्रात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांचाही नसतो. इथे ते वाण गुडघ्याएवढे होताच फुलण्याचा धोका असतो, आणि तसं झालं तर धागा मिळत नाही.

आता आपल्याकडचा सगळ्यात धोकादायक समज: ‘टीएचसी ०.३ च्या खाली आहे, म्हणजे लावायला हरकत नाही.’ १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ८ मध्ये कॅनाबिसचं कोणतंही झाड लावायला मनाई आहे आणि तिथे टीएचसीची कुठलीही टक्केवारी दिलेली नाही. गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांसोबत नसलेलं बी आणि पानं वगळली आहेत, पण लागवडीची मनाई त्यामुळे सैल होत नाही. कलम १४ नुसार धागा किंवा बी यांच्या औद्योगिक उपयोगासाठी सरकार परवानगी देऊ शकतं, आणि त्याच वाटेने उत्तराखंडने २०१८ मध्ये देशात सर्वप्रथम परवाना दिला. विनापरवाना लागवडीला कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ऑनलाइन मागवलेल्या बियाण्याच्या पाकिटावर ‘लो टीएचसी’ छापलेलं असलं, तरी त्या छपाईला परवान्याची किंमत नाही.