शीतयंत्राची उमेदवारी

उन्हाळ्यात माठातील पाणी गार का होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. माठाच्या सच्छिद्र अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडून जाते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्याकडून घेते. घरातील शीतकपाट, आग्र्याकडील बटाट्यांची शीतगृहे आणि कचेरीतील वातानुकूलन यंत्र यांचा कारभारही याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच की, माठातील पाणी हवेत निघून जाते. यंत्रातील द्रव्य मात्र बंद नळ्यांतून फिरत राहून तेच काम पुनःपुन्हा करते. हा फरक ज्याला नीट उमगला, त्याला या धंद्याचा पहिला धडा मिळाला असे समजावे.

यंत्राचे चक्र

नळ्यांतून फिरणाऱ्या या द्रव्यास प्रशीतक म्हणतात. वातावरणाच्या दाबाखाली पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. अमोनिया उणे ३३ अंशांस, तर आर-३२ हे प्रशीतक सुमारे उणे ५२ अंशांस उकळते. खोलीतील नळ्यांत दाब कमी ठेवला की, प्रशीतक खोलीतील हवेच्या उष्णतेनेच उकळून वायुरूप होते. कंप्रेसर हा वायू दाबतो, त्यामुळे तो बाहेरच्या हवेहूनही तप्त होतो. मग बाहेरील नळ्यांत आपली उष्णता टाकून तो पुन्हा द्रव बनतो, आणि अरुंद केशनळीतून वा झडपेतून जाताना त्याचा दाब उतरतो. हे चक्र उलट फिरविण्याची सोय केली, तर तेच यंत्र हिवाळ्यात खोली उबदार करते. उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी वाहून नेणे, एवढेच त्याचे काम.

उमेदवाराचे स्थान

हा व्यवसाय शिकण्याचे दोन मार्ग आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून प्रशीतन व वातानुकूलन तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये प्रत्यक्ष आस्थापनेत राहूनही शिकता येते. या कायद्यानुसार उमेदवार हा कामगार नसून शिकणारा असतो. त्याला विद्यावेतन मिळते आणि त्याच्याशी लेखी करार होतो. परंतु प्रशिक्षण संपल्यावर तेथेच नोकरी मिळेल, असे गृहीत धरू नये. भरतीचे धोरण मालकाने ठरवावयाचे असते. दुकानातील वा कचेरीतील काम सोडून तिशीत या धंद्याकडे वळणाऱ्याने हे आधीच ध्यानी घ्यावे, कारण त्याच्यामागे बहुधा संसार असतो.

आरंभीची कामे साधी दिसतात: तांब्याची नळी कापणे, तिचे तोंड फुलविणे, सांधा झाळणे, जाळीवरील धूळ काढणे. पण त्यांतील प्रत्येक कामाला कारण आहे. नळ्यांतील गळती तपासताना नायट्रोजनच भरावा लागतो. त्या जागी ऑक्सिजन भरल्यास कंप्रेसरच्या तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. वीजप्रवाह तोडल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युत्‌भार उरतो. आर-२९० म्हणजे प्रोपेनच. ते सहज पेटते. म्हणून जेथे ते भरलेले असेल, तेथे ज्योत पेटविण्यापूर्वी वायू काढून घेऊन जागा हवेशीर करावी लागते.

निदान आणि घाई

खरी परीक्षा होते ती दुरुस्तीच्या वेळी. समजा, आतल्या नळ्यांवर बर्फ साचला आहे. प्रशीतक कमी झाल्याने असे घडते. परंतु जाळी धुळीने तुंबून हवा खेळेनाशी झाली, तरीही असेच घडते. घाईचा कारागीर ‘गॅस संपला’ म्हणून नवा भरतो आणि पैसे घेऊन जातो. वास्तविक बंद चक्रातील प्रशीतक दिव्यातील तेलाप्रमाणे जळून संपत नाही. ते कमी झाले असेल, तर कोठे तरी गळती आहेच. ती साबणाच्या फेसाने वा गळतीमापकाने शोधावी, सांधा दुरुस्त करावा, निर्वात पंपाने हवा व ओल काढून टाकावी, आणि मगच तोलून प्रशीतक भरावे.

यात केवळ ग्राहकाच्या पैशाचा प्रश्न नाही. जुन्या यंत्रांतील आर-२२ मधील क्लोरीन ओझोनच्या थराला घातक ठरतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याचा वापर क्रमाने बंद केला जात आहे. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो आर-२२ पृथ्वीला सुमारे १,८०० किलो कार्बन डाय-ऑक्साइडइतकी तापविते. आर-३२ ओझोनला अपाय करीत नाही, तरी त्याचाही हा आकडा ६७५ च्या आसपास आहे. अशा वायूंना आवर घालणारी किगाली दुरुस्ती २०१६ मध्ये झाली आणि भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. खोली गार करण्यासाठी बोलाविलेला कारागीरच वायू हवेत सोडू लागला, तर बाहेरचा उन्हाळा वाढविण्यास तोच हातभार लावील.

तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी उमेदवाराने एकदा कार्यशाळा पाहून यावी. तेथे निर्वात पंप आहे काय, वायू परत गोळा करण्याचे यंत्र आहे काय, नायट्रोजनची टाकी व तोलकाटा वापरात आहेत काय, हे विचारावे. जेथे ही साधने धूळ खात पडली असतील, तेथे केवळ वायू भरण्याचे काम शिकावयास मिळेल. जेथे ती रोज हाताळली जातात, तेथे विद्यावेतन थोडे कमी असले, तरी शिक्षण खरे मिळेल.