बेसची नेक हाताला बसते का?

धारूरचा कोणी पोरगा ऑर्केस्ट्रात बेस वाजवायला निघाला, तर तो बहुधा मोबाइलवर फोटो बघूनच गिटार मागवतो. फोटोत नेकची रुंदी कळत नाही. ती मोजतात नटपाशी, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडे तारा ज्या खाचांत बसतात तिथे. फेंडरच्या जॅझ बेसची (1960) नट 38.1 मिमी; सध्याच्या बऱ्याच प्रिसिजन बेसची 41 मिमीच्या आसपास. फरक जेमतेम 3 मिमी, पण पहिल्या फ्रेटवर हाताला लगेच जाणवतो. पाच तारांच्या बेसची नट साधारण 45 मिमी किंवा जास्त.

हात लहान म्हणून अरुंद नेकच घ्यावी, असं दुकानदार सांगतात. मला ते अर्धंच पटतं. खरा ताण तारेच्या वाजत्या लांबीचा असतो. 34 इंची बेसवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर सुमारे 130 मिमी, तर 30 इंचीवर 114. शिवाय नेकची जाडीही बघायला हवी. रुंद पण चपटी नेक अनेकांना सोयीची वाटते. बोटं जाड असतील तर अरुंद नटवर शेजारची तार दबते. बसून आणि पट्टा लावून उभं राहून, दोन्ही तऱ्हेनं दहा मिनिटं वाजवा. अंगठ्याच्या बुडाशी कळ आली, तर दुसरी बघा.