दाबलेले अक्षर आणि रेखलेले अक्षर

जाड, अरुंद आणि रेषांच्या टोकांना सेरिफ, म्हणजे छोटी आडवी पावले असलेले रोमन अक्षर पाहिले की पुष्कळांना वाटते, हे नेहमीचेच अक्षर दोन्ही बाजूंनी दाबून बसवलेले आहे. प्रत्यक्षात चांगले अरुंद अक्षर नव्याने रेखावे लागते. तसे ते रेखलेले नसेल, तर कारण न कळताही मथळा वाचकाला खटकतो. या अक्षराची गरज निर्माण केली ती जाहिरातीने. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमधल्या लॉटरीच्या आणि नाटकांच्या जाहिरातींना लांबून दिसणारे अक्षर हवे होते. १८०३च्या सुमारास रॉबर्ट थॉर्न यांच्या फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, अतिजाड अक्षरे आणली. १८२७ मध्ये न्यू यॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी यंत्राने लाकडी खिळे कोरायची पद्धत काढली आणि मोठी अक्षरे स्वस्त झाली. आता भित्तिपत्रकाच्या ओळीत आखूड शब्दासाठी रुंद आणि लांब शब्दासाठी अरुंद खिळे वापरून दोन्ही ओळी काठोकाठ भरता येऊ लागल्या. १८४५ मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीने ‘क्लॅरेंडन’ बाजारात आणले. काहीसे अरुंद, जाड आणि भक्कम सेरिफांचे हे अक्षर मजकुरातला एखादा शब्द उठून दिसावा यासाठी होते. कायद्याने त्याला मिळालेले तीन वर्षांचे संरक्षण संपताच इतर फाउंड्र्यांनी त्याच्या नकला काढल्या, यावरूनच मागणी लक्षात येते.

वर्तमानपत्रांत ही गरज अधिक नेमकी होती. कॉलमाची रुंदी ठरलेली आणि मथळा तर मोठ्या अक्षरातच हवा. इंग्रजी दैनिकांतले उपसंपादक मथळा लिहिताना अक्षरे मोजत. ‘आय’ आणि ‘एल’ अर्धे, ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’ दीड. अक्षर अरुंद असेल तर त्याच ओळीत आणखी एक शब्द मावतो, आणि बातमीचा अर्थ कित्येकदा त्या एका शब्दावर ठरतो. ‘चेल्टनहॅम’ हे अक्षर याचे उत्तम उदाहरण. बर्ट्रम गुडह्यू या वास्तुविशारदाने १८९६ मध्ये त्याचा मूळ आराखडा केला. पुढे अमेरिकन टाइप फाउंडर्समध्ये मॉरिस फुलर बेंटन यांनी त्याची जाड, अरुंद, अतिअरुंद अशी भावंडे रेखली. ऑक्टोबर २००३ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने मथळ्यांसाठी वापरात असलेली वेगवेगळ्या घराण्यांची सरमिसळ काढून टाकली आणि मॅथ्यू कार्टर यांनी नव्याने रेखलेल्या चेल्टनहॅम कुटुंबावर बहुतांश भिस्त ठेवली. एका कॉलमाचा मथळा आणि पानभर पसरलेला मथळा यांच्या रुंदी वेगळ्या असूनही दोघांचा तोंडवळा एकच राहिला, तो प्रत्येक रुंदी स्वतंत्रपणे रेखल्यामुळे.

दाबून हे का साधत नाही, ते साध्या हिशेबाने कळते. उभा दांडा १०० एकक जाड आणि आडवी रेघ ४० एकक धरू. रुंदी ६० टक्क्यांवर आणली की दांडा ६० होतो, रेघ मात्र ४०च राहते. अडीचपट असलेला फरक दीडपटीवर येतो आणि अक्षराचा कणाच मऊ पडतो. म्हणून रेखाटनकार दांडा जाड ठेवतो आणि तडजोड इतरत्र करतो. ‘ओ’च्या बाजू जवळजवळ सरळ होतात, सेरिफ आखूड होतात आणि सांध्यांतल्या रेषा बारीक केल्या जातात, नाहीतर शाईने पोकळी बुजते. दांडे आणि पोकळ्या अगदी सारख्या झाल्या तर ओळ कुंपणाच्या गजांसारखी दिसते, म्हणून हे प्रमाणही मुद्दाम थोडे बिघडवावे लागते.

यावर कोणी म्हणेल, ‘ॲपल’ने १९८४ पासून दाबलेले गॅरमॉंड वर्षानुवर्षे मिरवलेच ना? मिरवले, पण बिटस्ट्रीम या फॉन्ट कंपनीने ते अरुंद करताना रेषांची जाडी दुरुस्त केली होती. शिवाय ते अक्षर जाड नव्हते. जाडी वाढली की चूक लपत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जागाच वाचवायची तर सेरिफ कशाला हवेत? लांबून आणि वेगात वाचायच्या पाट्यांवर बिनसेरिफ अक्षरच योग्य, हे मान्य करायला हवे. मात्र अरुंद अक्षरांत सगळा जोर उभ्या रेषांवर येतो, आणि सेरिफ त्यांना खालून-वरून आडवा आधार देतात. बिनसेरिफ मोठा ‘आय’ आणि लहान ‘एल’ पुष्कळदा सारखेच दिसतात; सेरिफांमुळे ते वेगळे ओळखू येतात. सलग परिच्छेदात मात्र हे अक्षर दमवते. मथळा, ग्रंथाचे मुखपृष्ठ आणि चित्रपटाचे पोस्टर हेच त्याचे खरे क्षेत्र.

देवनागरीत सेरिफ नाहीत, पण दाबण्याचा प्रश्न तोच आहे. फॉन्टची रुंदी संगणकावर घटवली की काना रोडावतो आणि शिरोरेषा मूळच्याच जाडीची राहते. मग अक्षरांपेक्षा शिरोरेषाच आधी डोळ्यांत भरते. ‘क्ष’ किंवा ‘द्ध’मधल्या पोकळ्या बुजतात. शिवाय रफार, वेलांटी आणि उकारांना वर-खाली जागा लागत असल्याने उंची वाढवून सुटकाही होत नाही. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘टेको’ आणि ‘खंड’ या फॉन्टांत देवनागरी मुळातच अरुंद रेखली आहे, त्यामुळे काना आणि शिरोरेषा यांचा तोल टिकतो. फ्लेक्सवर नावे खेचून-दाबून बसवणाऱ्याला फॉन्ट बदलणे हे खर्चाचे काम वाटेल. पण हे दोन्ही फॉन्ट मोफत मिळतात. तेव्हा अडचण पैशाची उरत नाही. अरुंद अक्षर हवे असेल, तर रुंदीची टक्केवारी बदलण्याआधी फॉन्टांची यादी उघडावी, एवढाच नियम पुरे.