धिम्या गाडीने मातीच्या प्रदर्शनाला

मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या दरम्यानचे नाहूर हे स्थानक २००६ साली सुरू झाले. तेथे केवळ धिम्या गाड्या थांबत असल्यामुळे दक्षिण मुंबईत जाणारे नाहूरकर बहुधा वाटेत गाडी बदलून जलद लोकल पकडतात. कचेरी गाठायची असेल तर ते योग्यच. परंतु काळा घोडा परिसरातील एखाद्या मृत्तिकाकला-प्रदर्शनाच्या उद्घाटनाला निघताना धिमी गाडी न सोडणे अधिक लाभाचे ठरते, कारण मुंबईतील मातीकामाची परंपरा जेथे प्रत्यक्ष पाहता येते ती दोन ठिकाणे, धारावीचा कुंभारवाडा आणि भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, याच मार्गावर आहेत.

मृत्तिकाकला, म्हणजे प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेवर ज्याला सेरॅमिक म्हटलेले असते ते काम, ओल्या मातीला आकार देऊन ती भट्टीत कायमची कठीण करण्याचे आहे. साधारण १,००० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेली, सच्छिद्र राहणारी तांबूस माती म्हणजे टेराकोटा. पणत्या, माठ आणि कुंड्या या वर्गात येतात. १,२०० ते १,३०० अंशांच्या दरम्यान भाजलेली, जवळजवळ पाणी न शोषणारी जड माती म्हणजे स्टोनवेअर, आणि घरोघरी लोणच्यासाठी वापरली जाणारी, चिनी मातीची म्हणून ओळखली जाणारी बरणी वास्तविक बहुधा याच वर्गातली असते. केओलिन नावाची शुभ्र माती, फेल्डस्पार आणि गारगोटी यांच्या मिश्रणातून होणारे पोर्सलीन हे त्याहून निराळे. ते पातळ घडवले तर त्यातून प्रकाश झिरपतो. भांड्यावरचा काचेसारखा थर म्हणजे झिलई किंवा ग्लेझ. पहिल्या भाजणीनंतर भांडे झिलईच्या पातळ लगद्यात बुडवून पुन्हा भट्टीत घातले जाते आणि तेथे तो लगदा वितळून अंगाला चिकटतो. झिलईतले तांबे भट्टीत भरपूर प्राणवायू असताना हिरवा रंग देते, तर प्राणवायू कोंडला असता तेच तांबे लालभडक होते. म्हणून मृत्तिकाकाराच्या बोलण्यात रंगापेक्षा भट्टीचा विषय अधिक निघतो.

कुंभारवाड्यासाठी शीवला उतरावे लागते. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभार कुटुंबांची ही वसाहत आजही चाक आणि भट्टी यांवर चालते, आणि दिवाळीच्या आधीचे काही आठवडे तेथील अंगणे पणत्यांच्या रांगांनी भरून जातात. तथापि ती लोकांची राहती घरे आणि कामाची जागा आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. तेथे जाणाऱ्याने छायाचित्रासाठी परवानगी घ्यावी आणि जमल्यास एखादी वस्तू विकत घ्यावी. वेळ अपुरा असेल तर हा टप्पा वगळून सरळ भायखळ्याला जावे.

भायखळ्याचा टप्पा मात्र वगळू नये. १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने खुले झालेले आणि १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे हे संग्रहालय बुधवारी बंद असते. त्याच्या संग्रहात बॉम्बे स्कूल पॉटरी म्हणून ओळखली जाणारी भांडी आहेत. १८५७ साली स्थापन झालेल्या सर ज. जी. कला विद्यालयात जॉर्ज टेरी या कलाशिक्षकाने १८७० च्या दशकात मातीकामाची कार्यशाळा उभी केली, सिंधमधील कुंभारांचे निळे-हिरवे झिलईकाम मुंबईत आणले, आणि त्याच काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करीत असल्यामुळे त्या लेण्यांतील आकृत्या सुरया आणि तबकांवर उतरू लागल्या. सिंधची झिलई, अजिंठ्याची रेषा आणि ब्रिटिश गिऱ्हाइकाची आवड यांचे हे मिश्रण काहीसे अवघडलेले वाटते, हे मान्य करायला हवे. पण कुंभाराच्या हातचे काम मुंबईत कलाशाळेत शिरले ते येथे, आणि आजचे दालनातील प्रदर्शन त्याच वाटेने आलेले आहे. शेजारच्याच राणीच्या बागेत सातव्या एडवर्डचा तो काळा घोडाही आहे, जो १९६५ साली मूळ जागेवरून हलवण्यात आला आणि ज्याचे नाव मात्र दक्षिण मुंबईतील चौकाला चिकटून राहिले.

भायखळ्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर दादाभाई नौरोजी मार्गाने, १८६४ सालच्या फ्लोरा फाउंटनवरून, काळा घोड्यापर्यंत रमतगमत चालत जाता येते. जहांगीर कलादालनाला लागूनच असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी व जपानी पोर्सलीनची भांडी आहेत. अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपला ज्याचे रहस्य उलगडले नव्हते ते पोर्सलीन जवळून पाहिलेला प्रेक्षक संध्याकाळी दालनातील एखाद्या पातळ पांढऱ्या वाडग्यापुढे थोडा अधिक वेळ उभा राहील, एवढा तरी या भेटीचा उपयोग आहे.

१९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कलादालनात प्रदर्शने सहसा मंगळवार ते सोमवार अशी आठवडाभर चालतात, प्रवेश विनामूल्य असतो, आणि उद्घाटन बहुधा पहिल्या संध्याकाळी होते. उद्घाटनाची वेळ वस्तू पाहण्यासाठी सर्वांत वाईट आणि कलावंताशी बोलण्यासाठी सर्वांत चांगली, हे ध्यानात ठेवले तर अपेक्षाभंग होत नाही. गर्दीत भांड्याभोवती फिरता येत नाही. पण माती कोठली, भट्टी गॅसची की लाकडाची, किती भांडी भट्टीत फुटली, हे प्रश्न त्याच दिवशी थेट विचारता येतात, आणि कौतुकाच्या ठरीव वाक्यांपेक्षा ते कलावंताला अधिक आवडतात. भांडे हातात घेण्यापूर्वी विचारावे. परवानगी मिळाल्यास ते सांभाळून उलटे करून तळ पाहावा: झिलई वितळून भट्टीच्या फळीला चिकटू नये म्हणून तेथे एक कडे कोरे सोडलेले असते आणि मातीचा खरा रंग तेवढ्याच जागी दिसतो.

कुंभार आणि कलावंत हे दोन वेगळे वर्ग आहेत, ही समजूतही अशा दालनात तपासून घ्यावी. भाईंदरला काम करणारे आणि २०१३ साली पद्मश्री मिळालेले ब्रह्मदेव राम पंडित हे बिहारमधील परंपरागत कुंभार कुटुंबातले. तर निर्मला पटवर्धन यांनी झिलईच्या रसायनाचा वर्षानुवर्षे अभ्यास करून मृत्तिकाकारांसाठी हस्तपुस्तिका लिहिली. दालनाच्या आवारातील सामोवार हे १९६४ पासूनचे उपाहारगृह २०१५ साली बंद झाल्यामुळे प्रदर्शनानंतरच्या चर्चेची हक्काची बैठक मात्र गेली.

परतीसाठी संध्याकाळची गर्दी ओसरू द्यावी आणि टर्मिनसहूनच ठाणे किंवा कल्याणची धिमी गाडी धरावी. प्रदर्शन पुन्हा निवांत पाहायचे असेल तर आठवड्यातली एखादी दुपार निवडावी. रविवार निवडल्यास मेगाब्लॉकची सूचना आदल्या दिवशी वाचावी, कारण धिम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की नाहूरला गाडी थांबत नाही. वस्तू विकत घेतल्यास तिच्या नावाच्या पट्टीवर लाल टिकली लागते, पण ती प्रदर्शन संपेपर्यंत सहसा जागेवरच राहते. ती न्यायला शेवटच्या दिवशी जाताना जाड कापड आणि खोका बरोबर ठेवावा, आणि गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढू नये.